एक जूनचं पान

माणसं सकाळी भेटली की रामराम करतात, पाऊसपाण्याचं विचारतात, फार तर चहा झाला का म्हणतात. आमचे घरमालक आप्पा यांतलं काहीच करत नसत. खासबागेत त्यांच्याकडे बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीपाशी दात घासत उभा होतो. हे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, आज हुक्केरीच्या सारंगीवाल्याची तार ऐन गाण्यात तुटल्याला अकरा वर्सं झाली बघा." मी तोंडातली राखुंडी गिळली. अशा बोलण्यावर काय उत्तर द्यायचं असतं हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि पुढं सात वर्षं त्यांच्याकडे राहूनही सुचलं नाही.

आप्पा पेन्शनीतले पोस्टमास्तर. जांबोटी, खानापूर, निपाणी अशी ठाणी करत करत बेळगावात येऊन निवृत्त झालेले. अंगात बारा महिने काळा कोट, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. टोपी इतकी सरळ की घालताना ओळंबा लावत असावेत. बोलणं संपलं की उजव्या हाताची मूठ वळायची आणि समोर जे असेल त्यावर दोनदा ठोकायचे. तीस वर्षं टपालावर शिक्के मारून हाताला लागलेलं वळण ते. समोर टेबल असो, भिंत असो, नाहीतर माझा खांदा असो. एकदा बोलता बोलता त्यांनी आमच्या हिच्या पोळपाटावर शिक्का मारला आणि लाटलेली पोळी फाटली. त्यानंतर हिनं त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही.

जागा बघायला गेलो होतो तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, गोत्र विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:

"जन्मतारीख?"

मी सांगितली.

"कागूद हाय?"

"आहे."

"गाता काय?"

"नाही."

"वाजवता?"

"नाही हो."

ते हिरमुसले. मग काहीतरी आठवून म्हणाले, "मंडळी?" म्हटलं, ती जात्यावर ओव्या म्हणते. "मग या ऱ्हायला," म्हणाले आणि दाराच्या चौकटीवर दोन ठोके पडले. इतकी सोपी मुलाखत मी आयुष्यात दुसरी दिलेली नाही.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, खाकी कापडानं बांधलेली, तीनशे सहासष्ट पानांची. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान, आणि त्या पानावर त्या तारखेला गाण्याबजावण्याच्या जगात आमच्या मुलखात काय काय झालं त्याची नोंद. कोण जन्मला, कोण गेला, कुणाची पहिली बैठक कुठं झाली, कुठल्या देवळात नवा चौघडा आला. खडेबाजारात पहिल्यांदा ग्रामोफोन वाजला तो दिवस होता. तो ऐकायला आलेल्या एका म्हातारीनं आतल्या बाईचा घसा सुकला असेल म्हणून कर्ण्यात गुळाचा खडा ठेवला, हेही लिहिलं होतं. एकोणतीस फेब्रुवारीच्या पानावर खानापूरचा एक टाळकरी एकटाच होता. बिचाऱ्याचं नाव चार वर्षांतून एकदा वाचायला मिळतं याचं आप्पांना मनापासून वाईट वाटे.

वाचायला म्हणजे खरोखर वाचायला. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला आप्पा घरासमोरच्या कट्ट्यावर वही घेऊन बसत आणि त्या दिवसाचं पान मोठ्यानं वाचत. ऐकायला कोण आहे, कोण नाही, याची त्यांना फिकीर नसे. दूधवाला कासंडी खाली ठेवून ऐके. मागावरचे लोक वडगावच्या वाटेनं कामाला जाताना सायकलीवरून पाय टेकून उभे राहत. वाचण्याचा सूर टपालवाटपाचा. कुणी जन्मलं काय, मेलं काय, आवाजात फरक पडत नसे.

आणि गंमत अशी, की ह्या माणसाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बैठकीला जात, पहिल्या रांगेत बसत आणि तंबोरा जुळेपर्यंत झोपी जात. गाणं संपलं की मात्र नेमके जागे होऊन खिशातलं घड्याळ बघत. मी एकदा वाटेत विचारलं, "आप्पा, शेवटचा राग कुठला होता हो?" म्हणाले, "बावीस मिन्टांचा."

मग हा उपद्व्याप कशासाठी, असं मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं. चिडले नाहीत. म्हणाले, "पत्र कसं हाय मास्तर, हातात ऱ्हातंय. फाटलं तरी फाटकं ऱ्हातंय. गाणं? गाणाऱ्यानं तोंड मिटलं की संपलं. निदान तारीख तरी ऱ्हाऊ दे की त्येची." त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात हसणं बंद केलं. पूर्ण बंद केलं असं नाही, पण बरंच.

सुरुवात जांबोटीला झाली होती. तिथं पावसात चार महिने पोस्ट म्हणजे नुसतं टपकणारं छप्पर. डाक घेऊन रानातून चालत येणारा एक हरकारा होता. तो थैली ठेवायचा, घोंगडी झटकायचा आणि चुलीपाशी बसून पावा वाजवायचा. आप्पा तेव्हा तरुण, घरच्यांपासून लांब. एका पावसाळ्यात तो तापानं गेला. त्याच्या मागं दोन ओळी लिहून ठेवाव्यात म्हणून आप्पांनी त्याच्या बायकोला विचारलं, ह्याचा जन्म कधीचा? ती म्हणाली, "भाताची लावणी चाललीती तवाचा." बस्स. वहीतलं पहिलं नाव ते, आणि जन्माचा रकाना कोरा. ही गोष्ट सांगताना आप्पांचा टपाली सूर जरा खाली यायचा.

त्यातूनच त्यांचा नियम आला, आणि तो नियम फार कडक होता. कागद असल्याशिवाय वहीत तारीख नाही. शाळेचा दाखला चाले, कुंडली चाले, शिक्का असलेलं पत्र चाले. तोंडी काही चालत नसे. "बोललेलं वाऱ्यावर जातंय," म्हणत. कुंडलीत तिथी असली तर घरातल्या जुन्या पंचांगांची चळत काढून इंग्रजी तारीख शोधून काढत. निपाणीच्या एका पेटीवाल्यांची तारीख काढायला त्यांना चार दिवस लागले. निघाली ती त्यांच्या समजुतीच्या आदल्या दिवशीची. पेटीवाले हवालदिल झाले. "आप्पा, पन्नास वर्सं मी भलत्याच दिवशी देवाला नारळ फोडालोय की हो!" आप्पा म्हणाले, "देवानं ते कालच्या खात्यावर घेतलं असंल."

वहीत तारीख लागली की त्या माणसाला दर वर्षी आप्पांचं कार्ड जाई. मजकूर एकच: 'आज आपला जन्मदिवस. वहीत नोंद आहे. कळावे.' कार्ड नेमकं त्या दिवशीच हातात पडलं पाहिजे, आधी नाही, नंतर नाही. कुठल्या गावाला डाक किती दिवसांनी पोचते हे त्यांना तोंडपाठ होतं.

आता बाळाक्कांविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन ठेपलं. बाळाक्का एका सारंगीवाल्याची मुलगी. तरुणपणी निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत गायच्या. त्यांचं गाणं ऐकलेली माणसं त्याविषयी बोलताना अजून आवाज हळू करत. काही आदरानं, काही बायका ऐकतील म्हणून. गळा गेला तशा त्या वडगावात भाच्याच्या घरी आल्या आणि त्याच्या हातमागासाठी कांड्या भरत बसू लागल्या. शनिवारी बाजाराला येत तेव्हा सकाळीच आमच्या दारात येत. कट्ट्यावर कधी बसल्या नाहीत. खालच्या पायरीवर, पदर डोक्यावर घेऊन. आप्पांचं वाचन संपलं की म्हणत:

"आप्पा, माझं बी घाला की हो."

"कागूद आणा आक्का. आत्ता घालतो."

"कागूद कुठला आणू? आमास्नी साळंत कोन घेतंय?"

"कुंडली?"

"माझी? सारंगीवाल्याच्या पोरीची?" आणि त्या हसत.

"मग मी काय करू सांगा. नियम म्हंजे नियम."

दर शनिवारी हे असंच. मला वाटायचं, हा त्यांच्यातला खेळ आहे. एकदा पाणी प्यायला त्या आमच्या दारात आल्या आणि हिला जे म्हणाल्या ते मी आतून ऐकलं. "जलमदिवसाचं काय घेऊन बसलीस बाई, त्यो मला नको. पर आप्पा वाचत्यात तवा ह्या सगळ्यांची नावं येत्यात. सनईवाला, पेटीवाला, तबलजी. समद्यांच्या संगं मी गायलीया. माझं तेवढं येत न्हाय. उद्या मी गेल्यावर कोन म्हननार, ही बी हुती म्हनून?" हिनं त्यांच्या रिकाम्या पेल्यात ताक ओतलं. मला आप्पांचा असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्या सकाळच्या बातमीला नुसतं हूं म्हटलं.

आणि आता एक जून.

वहीतली बहुतेक पानं अर्धीमुर्धी भरलेली, पुष्कळशी साफ कोरी. एक जूनच्या पानाची गोष्ट वेगळी. तिथं जागा संपून आप्पांनी खाली कागदाची पट्टी चिकटवली होती, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. पान उघडलं की पट्टी सुटून त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबे. वडगावचे सनईवाले एक जूनचे. त्यांच्याबरोबर डफ वाजवणारा त्यांचा चुलतभाऊ एक जूनचा. दोन तबलजी, एक झांजवाला, नाटकात बायकांची कामं करून गाणारा एकजण, भजनी मंडळातले तर सगळे ओळीनं. प्रत्येकाच्या नावापुढं 'दाखला पाहिला' असं आप्पांच्या अक्षरात.

आप्पांनी यावरून एक सिद्धांत काढला होता. "उन्हाळा संपालाय न् पाऊस अजून आलेला न्हाय, असा वर्सात एकच दिवस असतोय मास्तर. त्या दिवशी जन्मलेलं पोरगं सुरातच जन्मतंय. दुसरं कारन असूच शकत न्हाय." बेळगाव-निपाणीचा मुलूख आणि एक जून ही तारीख यांचा काय संबंध आहे यावर त्यांनी वीस पानांचा निबंध लिहिला. त्या सालच्या एक जूनला आपल्या अंगणात सगळ्या वादकांना जमवायचं, वकील, कॉलेजातले प्रोफेसर, एका साप्ताहिकाचे संपादक अशा मंडळींना बोलवायचं, आणि निबंध वाचायचा असं ठरलं. पाहुण्यांना गोड म्हणून कुंदा द्यायचा हेही ठरलं. माणूस दहा वर्षांनी तरुण झाला होता.

आणि मी गप्प होतो. दुसरं कारण मला ठाऊक होतं. ठाऊक कसलं, गुन्हेगार मीच होतो.

मराठी शाळेत मास्तरकी केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडते. बाप पोराचा दंड धरून येतो.

"जन्म कधीचा?"

"म्हस व्याली त्या सालचा."

"महिना?"

"थंडी हुती बघा. का पाऊस हुता गं?" हे दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकोला.

मास्तर पोराकडे बघतो. दात किती पडलेत ते बघतो. डोक्यावरून हात घेऊन दुसरा कान धरता येतो का ते बघतो. मग सहा वर्षं पुरी भरतील असं साल धरतो आणि लिहितो, एक जून. हिशेबाला सोपं, वर्षाच्या सुरुवातीला नेमकं. माझ्या आधीच्या मास्तरांनी तेच केलं, त्यांच्या आधीच्यांनी तेच. दोन इयत्ता शिकून पोरगं सनईला लागो की मागाला, दाखल्यावर तारीख तीच राहते.

हे मी दोन वर्षं बोललो नाही. आधी गंमत वाटली, मग भीड वाटली, आणि मग इतका उशीर झाला की सांगायची लाज वाटू लागली. पण वकील आणि प्रोफेसर येणार म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. त्या लोकांतला एक जरी हसला असता तरी आप्पा परत कट्ट्यावर बसले नसते. एक जूनला आठ दिवस उरले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आप्पा, जरा माझ्याबरोबर वडगावला चला. आमच्या शाळेत एक वस्तू दाखवायचीय." सुट्टी होती, किल्ली माझ्याकडंच होती.

कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पोरांची नावं दाखल करायचं ते जाड पुस्तक. नवं नाही, चाळीस वर्षांपूर्वीचं. त्यात सनईवाल्यांचं नाव होतं. आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी टोपी काढली. "मूळ नोंद! हीच पाहिजे हुती मला." मी म्हटलं, "आप्पा, वरचं नाव वाचा. आता खालचं. त्याच्या खालचं." वरचा कोष्ट्याचा पोरगा एक जून. खालचा एक जून. पान उलटलं, एक जून, एक जून, मध्येच कुलकर्ण्यांच्या घरचा एक ऑगस्टातला, पुन्हा एक जून. मग मी अलीकडचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी चष्मा पुसला. बोट फिरवत सबंध रकाना खालपर्यंत वाचला. माझ्याकडं न बघता विचारलं:

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"म्हंजे इतकी पोरं तुम्हीच जन्माला घातलीसा की मास्तर."

ते उठले, टोपी घातली आणि निघाले. वडगावपासून खासबागेपर्यंत मी दोन पावलं मागून चालत होतो. वाटेत ते एकदाच बोलले. "दाखला पाहिला, असं लिव्हलंय मी. समद्यांच्या पुढं."

दुसऱ्या दिवशी आठ वाजले, कट्टा रिकामा. दूधवाल्यानं हाक मारली, "आप्पा, आज कोन जन्मलं न्हाय व्हय?" आतून उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी तेच. मागावर जाणारे लोक सवयीनं सायकलीचा वेग कमी करत आणि पुढं जात. वकील आणि प्रोफेसर मंडळींना कार्डं गेली, 'निबंधवाचन रद्द. कळावे.' ही मला म्हणाली, "खरं बोलायचं होतं तर दोन वर्षांपूर्वी बोलायचं. तेव्हा चार नावं होती." तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच लागलं. मी म्हाताऱ्याच्या जन्मभराच्या कामावर पाणी ओतलं असं वाटून मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी आप्पा एकटेच बाहेर पडले. कुठं गेले ते नंतर कळलं. ते सनईवाल्यांच्या घरी गेले होते. माझ्या चुकीनं तुमची तारीख खोटी लागलीय, ती मी खोडतो, असं सांगायला. आजवर दिलेली कार्डं परत मागणार होते की काय, देव जाणे.

सनईवाल्यांनी त्यांना बसवलं आणि म्हणाले, "खोडू नका आप्पा. मला दुसरा दिवस कुठला हाय? साळंत मास्तरनी त्यो दिला, ठिवला दाखल्यात. त्येचं मला सोयरसुतक न्हवतं. तुमचं कार्ड यायला लागलं तवापासनं त्यो दिवस झाला. नातू सकाळधरनं पोस्टाच्या मान्साची वाट बघतोय. सून कायतरी ग्वाड करती. तुम्ही खोडला तर तिला काय सांगू, मी जन्मलोच न्हाय म्हनून?"

हे मला आप्पांनीच सांगितलं, संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्या पोरांच्या बापाला इचारता. त्येला ठावं नसतंय. मग तुम्ही लिव्हता. बरूब्बर?"

"बरोबर."

"त्येला मी कागूद म्हनालोय."

"हो."

"आनि आक्का दर शनवारी माझ्यासमोर बसून सोताच्या तोंडानं सांगालीय की मी जन्मलीया, गायलीया, तर तिला म्हनालोय, कागूद आण." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बारा वर्सं, मास्तर. बारा वर्सं मी त्या बाईला पायरीवर बसिवलं."

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

एक जूनला सकाळी वादक मंडळी आली. त्यांना कुणी येऊ नका म्हटलंच नव्हतं. सनईवाले आले, त्यांचे चुलतभाऊ आले, तबलजी आले, निपाणीचे पेटीवाले त्या दिवशीचे नसूनही मोटारीनं आले. बाळाक्का आल्या आणि पायरीवर बसल्या. तो शनिवार नव्हता. आप्पांनी भाच्याकडं मुद्दाम निरोप पाठवला होता.

आप्पा आठाला वही घेऊन बाहेर आले. कट्ट्यावर बसले नाहीत. खाली उतरून बाळाक्कांच्या समोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्का, माझं चुकलं. वर या. तुमचं नाव घालायचं हाय."

"कागूद?"

"नको."

बाळाक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. ही घरातून आली, तिनं त्यांचा हात धरला आणि कट्ट्यावर नेऊन बसवलं. आप्पांनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"कुठला दिवस पाहिजे तुम्हास्नी? सांगाल त्यो. कोरी पानं लई हैत. सबंद पान तुमच्या एकटीचं मिळंल."

लोक सुचवू लागले. पेटीवाले म्हणाले, दसरा घ्या आक्का, निपाणीला पहिली बैठक दसऱ्याचीच तुमची. सनईवाले म्हणाले, संक्रांत घ्या, ती चुकत न्हाय. बाळाक्का पानं उलटत होत्या. वाचता येत नव्हतं, पण कोरं पान आणि भरलेलं पान कळत होतं. उलटता उलटता एक जून आला आणि पट्टी सुटून त्यांच्या पायावर पडली.

"हे कशाचं?"

"ही आजची मंडळी. हे समदे."

त्यांनी अंगणात बसलेल्यांकडं एकेक करून पाहिलं. मग म्हणाल्या, "सबंद पान घिऊन एकटी काय करू? हितंच घाला. ह्यांच्या संगं."

"आक्का, हा दिवस तसा खरा..." आप्पा बोलू लागले आणि थांबले.

"ठावं हाय मला. सनईवाल्यानं सांगितलंय समदं," बाळाक्का म्हणाल्या. "त्येंचा खोटा तर माझा बी खोटा. पर ह्यांच्यातच घाला."

आप्पांनी टाक उचलला. शेवटच्या पट्टीवर तळाला बोटभर जागा होती. नाव लिहिलं. गायन, निपाणी, असं लिहिलं. एक जून लिहिलं. मग टाक थांबला.

"साल, आक्का?"

"साल बी लागतंय व्हय?"

"लागतंय की. वय किती तुमचं?"

त्या गोंधळल्या. एक तबलजी म्हणाला साठ धरा, पेटीवाले म्हणाले छे, पासष्ट तरी, आणि त्यावरून दोघांची जुंपली. सगळे हसत होते. बाळाक्का हसल्या नाहीत. त्या ओल्या शाईकडं बघत होत्या.

"कशाला भांडालाय?" त्या म्हणाल्या. "नाव आज लागालंय माझं. आजचीच धरा."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात एक तारीख इकडची तिकडं होऊ न दिलेला माणूस. मी मान हलवली. तशी त्यांनी खाली बघून चालू साल लिहिलं, सुटं सुटं, नीट, आणि शेजारी मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली.

आप्पा आता नाहीत, बाळाक्काही नाहीत. वही आप्पांच्या पुतण्याकडं गेली, पुढचं मला माहीत नाही. उद्या कुणाच्या हाती ती लागली तर तो म्हणेल, म्हातारा इथं चुकला, तंबाखूवाल्यांच्या बैठकी गाजवणारी बाई ह्या साली जन्मली कशी असेल? त्याच्यासाठी लिहून ठेवतो. नोंद बरोबर आहे. खाली सही माझी आहे, आणि ती जन्मली तेव्हा मी तिथं हजर होतो.